टेप, काटा आणि साखर: नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातपूरच्या कारखान्यातलं शिबिर असो, पंचवटीतली सोसायटी असो की पेठ तालुक्यातलं उपकेंद्र, मापं घ्यायला टेप आणि वजनकाटा बाहेर निघाला की प्रश्न साधारण तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गैरसमजही तिथेच जास्त आहेत. मधुमेहाचं निदान मात्र रक्ततपासणीनंच होतं. टेप फक्त तपासणीला कुणी आधी जायला हवं ते सांगते.

वजन करून झालं की! आता कंबरेला टेप कशाला?

काटा सगळं एकत्र तोलतो. हाडं, स्नायू, पाणी, चरबी आणि नुकताच खाल्लेला नाश्ता, सगळं त्यात आलं. मधुमेहाच्या बाबतीत खरा मुद्दा चरबी किती यापेक्षाही ती कुठे साठली आहे हा असतो. मांड्या आणि नितंबांवरची चरबी तुलनेनं गरीब. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी उपद्व्यापी. ती थेट बघायची तर सीटी किंवा एमआरआय करावा लागतो, आणि हजारो लोकांच्या पाहणीत ते परवडत नाही. कंबरेचा घेर हा तिचा सर्वांत स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज आहे.

म्हणून आता मोठ्या पाहण्यांमध्येही टेप असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, वजन-उंचीच्या जोडीला कंबर आणि नितंबांचा घेर पहिल्यांदाच मोजला गेला. त्या मापांवरून केलेल्या विश्लेषणात सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाच्या स्थूलतेत मोडले. नुसत्या बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २५ चा निकष लावला तर त्याच पाहणीत स्त्रियांचं प्रमाण २४ टक्के येत होतं. म्हणजे काट्यानं ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी बायका टेपेला सापडल्या.

बीएमआय काढतात कसा? आणि हा काढला कुणी?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, ६४ भागिले २.५६ बरोबर २५.

हे सूत्र बेल्जियमचे गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्यांना लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं; सरासरी माणूस कसा असतो याचं गणित ते मांडत होते. १९७२ मध्ये अमेरिकेतले ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच सूत्र चरबीच्या अंदाजासाठी तपासलं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. अभ्यासात पाच देशांतले पुरुष होते. स्त्री एकही नाही, भारतीय गटही नाही. आपल्याकडच्या आजीबाईला तोच आकडा जसाच्या तसा लावताना एवढं ध्यानात असलेलं बरं.

तरी बीएमआय टाकाऊ नाही. लाखभर लोकांचं चित्र उभं करायचं असेल, दहा वर्षांपूर्वीच्या जिल्ह्याची आजच्या जिल्ह्याशी तुलना करायची असेल, तर याच्याइतकं सोपं आणि सगळीकडे सारखं माप दुसरं नाही. एकट्या माणसाचा निवाडा मात्र त्याच्यावर करू नये.

इंटरनेटवर २५ पर्यंत नॉर्मल लिहिलंय, तुम्ही २३ म्हणता. खरं काय?

दोन्ही खरं. २५ आणि ३० हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे, सगळ्या जगासाठीचे. आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, हे दिसल्यावर संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे सार्वजनिक आरोग्यासाठीचे जास्तीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता, असं ठरवलं.

किलोत सांगायचं तर १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस आपल्या निकषानं ६६-६७ किलोच्या पुढे ‘जादा वजन’ आणि ७२ च्या पुढे ‘स्थूल’. जागतिक निकषानं स्थूल ठरायला त्याला ८६ किलोच्याही वर जावं लागेल. मधल्या चौदा-पंधरा किलोंमध्ये आपले कितीतरी ‘अंगानं भरलेले’, ‘खात्यापित्या घरचे’ लोक निवांत बसलेले असतात.

बातम्यांमधल्या टक्केवाऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारणही हेच. एका अहवालात स्थूलता म्हणजे २५ च्या वर, दुसऱ्यात ३० च्या वर. आकडा वाचायच्या आधी निकष वाचावा.

मी तर हाडकुळा आहे. मला कसली साखर होतेय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा बहुधा सडपातळ, पस्तिशी-चाळिशीतला, शर्टाखाली नारळाएवढं पोट असलेला असतो. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. आपल्याकडे हा बांधा इतका सर्रास आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

यावरचं मोलाचं काम आपल्या शेजारी, पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय तोच आणि चरबी दुपटीहून जास्त. बीएमआयची मर्यादा दाखवायला आजही तोच फोटो वर्गावर्गात दाखवतात.

याची मुळं जन्माआधीच सापडतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी कमी, पोटातल्या अवयवांनी लहान. पण पाठीवरच्या त्वचेची घडी चिमट्यानं मोजली, तर तिथली चरबी त्या मानानं जवळपास राखलेली. बाळ वजनानं हलकं, तरी चरबीत मागे नाही. आईचं पोषण, विशेषतः बी-१२ आणि फोलेटसारखी जीवनसत्त्वं, यांचा या सगळ्याशी संबंध काय, यावर त्याच गटानं पुढे बरंच काम केलं.

तेव्हा ‘हाडकुळा आहे’ हे उत्तर नव्हे. कंबर मोजा. चरबीइतकाच स्नायूंचा तुटवडाही महाग पडतो, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायूच.

कंबर म्हणजे नेमकी कुठे? पँटचा नंबर ३४ आहे, तोच सांगू का?

पँटचा नंबर अजिबात सांगू नका. पुरुषांची पँट पोटाखालून जाते. पोट जसं पुढे येतं तसा पट्टा खाली सरकतो, त्यामुळे कॉलेजात ३४ होती ती पन्नाशीतही ३४ राहते आणि माणूस खूश असतो. शिवाय तयार कपड्यांवरचा आकडा कंपनीगणिक बदलतो.

नीट मोजायचं ते असं. सरळ उभं राहायचं, पावलं थोडी फाकलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं. कुशीत बोटानं चाचपायचं. सगळ्यात खालची बरगडी हाताला लागेल, तिथे पेनानं बारीक खूण. मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा लागेल, तिथे दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मधून टेप न्यायची. बहुतेकांची ती बेंबीच्या आसपास येते, पण बेंबी ही खूण धरू नये. पोट सुटलं की बेंबीही खाली जाते. टेप जमिनीला समांतर हवी. मागच्या बाजूला ती हमखास खाली घसरते, म्हणून मोजणाऱ्यानं वाकून मागून एकदा पाहायचं. टेप अंगाला टेकलेली असावी, रुतलेली नको. मग समोरच्याला सांगायचं: श्वास घ्या, सोडा. सोडून झाला की वाचायचं.

इथेच गंमत होते. टेप लागली की पुरुष पोट आत ओढतात आणि छाती पुढे काढतात. ‘साहेब, श्वास सोडा’ म्हटलं की अर्धवट सोडतात. त्यावर उपाय म्हणजे काहीतरी विचारायचं: गाव कोणतं, कांद्याला भाव काय मिळाला? माणूस बोलायला लागला की पोट आपसूक जागेवर येतं.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण कपड्यांची. साडीच्या निऱ्या आणि परकराचा नाडा नेमका मापाच्या जागी असतो. नाड्यावरून घेतलेलं माप दोन-तीन सेंटिमीटरनं सहज फसतं. म्हणून आडोसा करून, मोजणारी बाईच ठेवून, नाडा सैल करूनच मोजायचं. आडोसा नसेल तर माप घेऊ नये. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरा रकाना बरा.

अमेरिकेतल्या काही अभ्यासांत टेप थेट कमरेच्या हाडाच्या कंगोऱ्यावर ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एका अभ्यासात एकच.

किती कंबर चालते?

आपल्यासाठी पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांना ८० च्या आत. इंचांत साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. भारतीय तज्ज्ञांनी त्याआधीचा सावधतेचा टप्पाही सांगितला आहे: पुरुषांना ७८, स्त्रियांना ७२. ऐकून बरेच जण हसतात, कारण त्या आकड्यात बसणारं घरात कुणीच नसतं.

आकडे लक्षात राहत नसतील तर सुतळी घ्या. उंचीएवढी कापा, तिची बरोबर अर्धी घडी घाला आणि कंबरेभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या अर्ध्याहून जास्त आहे, म्हणजे सावध व्हायला हवं. बुटक्या माणसाला ९० चा निकष फार सैल पडतो. त्याच्यासाठी ही सुतळी जास्त न्यायाची.

कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर काढायची गरज आहे का?

घरी नाही. अभ्यासात काढतात, पुरुषांत ०.९०, स्त्रियांत ०.८५ च्या पुढे धोका मानतात. दोन मापं म्हणजे चुकायच्या दोन जागा. शिवाय वजन उतरलं की दोन्ही घेर एकदम उतरतात आणि गुणोत्तर जागचं हलत नाही, त्यामुळे माणूस उगाच हिरमुसतो.

पोटातल्या चरबीचा रक्तातल्या साखरेशी काय संबंध?

पोटाच्या आतली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून मेदाम्लं सतत रक्तात उतरतात, आणि आतड्यांकडचं रक्त आधी यकृताकडे जात असल्यानं पहिला मार यकृताला बसतो. यकृतात चरबी साठते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते हेच. असं यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रात्री आपण झोपलेले असताना यकृत साखर सोडत असतं आणि इन्सुलिन त्याला आवर घालतं. तो आवर सुटला की सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते. ‘रात्री गोड काही खाल्लं नाही तरी सकाळी शुगर जास्त कशी?’ याचं उत्तर बऱ्याचदा यकृतात असतं.

मेदाम्लांमुळे स्नायूही साखर उचलायला कुचराई करतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतं. काही वर्षं हे निभतं, आणि तोवर रिपोर्ट नॉर्मल येत राहतात. पुढे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कमी पडायला लागल्या की साखर वर चढते.

म्हणजे पोट सुटलंय त्याला मधुमेह होणारच?

नाही. जोखीम म्हणजे शंभर जणांच्या गटातल्या किती जणांना होईल याचा अंदाज. त्यातले तुम्ही कोण, हे ती सांगत नाही. पोट असून साखर नसलेले आणि पोट नसून साखर असलेले, दोन्ही तुमच्या गल्लीत सापडतील. त्या अपवादांकडे बोट दाखवून टेप नाकारायची, हे विडी ओढून नव्वदी गाठलेल्या आजोबांचं उदाहरण देण्यासारखं झालं.

अंदाज बांधायला चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं २००५ मध्ये एक सोपी गुणपत्रिका मांडली, इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. सुई नाही, रक्त नाही, चारच गोष्टी. वय: पस्तिशीच्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून ३०. कंबर: पुरुष ९० च्या आत आणि स्त्री ८० च्या आत असेल तर शून्य, त्यापुढच्या दहा सेंटिमीटरांत १०, त्याच्याही वर २०. हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर शून्य, दोहोंतलं एक असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. घराणं: आईवडिलांपैकी कुणालाच नसेल तर शून्य, एकाला १०, दोघांना २०. बेरीज ६० किंवा वर गेली तर धोका जास्त, ३० ते ५० मध्यम, ३० च्या आत कमी.

एक उदाहरण घेऊ. वय ४६, अंबडच्या कारखान्यात टेबलावरचं काम, व्यायाम नाही, कंबर ९४, आईला मधुमेह. २० अधिक १० अधिक ३० अधिक १०, म्हणजे ७०. वय आणि आई बदलता येत नाहीत. हा माणूस नियमित व्यायामाला लागला तर ६०, आणि कंबर ९० च्या आत आली तर ५०. चालणं आणि कंबर या दोनच गोष्टी हातात असल्या तरी त्याला वरच्या गटातून खाली आणायला त्या पुरतात.

आशाताई घरी येऊन कसला फॉर्म भरतात?

तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठीची ती सरकारी पडताळणी यादी आहे. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरातला आजार यांना गुण असतात. कंबरेसाठी स्त्रियांना ८० पर्यंत शून्य, ९० पर्यंत एक, पुढे दोन. पुरुषांना ९० पर्यंत शून्य, १०० पर्यंत एक, पुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात. गुण कमी आले म्हणून तपासणी नाकारत नाहीत, तिशीनंतर ती सगळ्यांसाठीच आहे. आशाताईला उंबऱ्यावरून ‘लिहा काहीतरी ऐंशी’ म्हणून परत पाठवू नका. त्या ‘ऐंशी’नं तुमचीच चिठ्ठी ढिगाच्या तळाला जाते.

हा शहरी लोकांचा आजार ना? पेठ-सुरगाण्याकडे कुठे आलाय मधुमेह?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह ११.४ टक्के प्रौढांना, शहरात १६.४ आणि खेड्यात ८.९. इथवर तुमचं म्हणणं बरोबर. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले, म्हणजे प्रीडायबेटिसवाले, १५.३ टक्के, आणि त्यात शहर-खेडं असा फरक जवळपास नाहीच. पोटाची स्थूलता ३९.५ टक्के. त्याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, महाराष्ट्र ८.४ टक्क्यांवर होता.

नाशिक जिल्ह्यात ही दोन टोकं एकाच एसटीच्या मार्गावर भेटतात. सुरगाण्यातलं कुटुंब हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतं, मुलगा पुढे सातपूर किंवा अंबडला कंत्राटी कामाला लागतो. नागलीची भाकरी आणि डोंगर चढणं सुटतं, पाव, बिस्किटं आणि रात्रपाळी मागे लागते. जन्माला येताना वजन कमी असलेलं शरीर मोठेपणी आयत्या खाण्यात आणि बसून राहण्यात पडलं की मधुमेहाचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. रात्रपाळी स्वतंत्रपणेही धोका वाढवते. त्यामुळे आज सडपातळ दिसणाऱ्या तालुक्यांतही टेप नेली पाहिजे. दहा वर्षांनी नेली तर फक्त रोगीच मोजायला मिळतील.

टेस्ट कोणती करायची?

उपाशीपोटी साखर १०० च्या आत उत्तम, १०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या आत चांगली, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीचा उंबरठा ११० पासून धरते. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

एचबीएवनसी सोयीची आहे, उपाशी राहावं लागत नाही. पण ती हिमोग्लोबिनवर चालते. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल तर ती खोटी वर जाऊ शकते, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो, बायकांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. तिथे ग्लुकोजची चाचणी जास्त खात्रीची.

गरोदरपणी कंबर मोजायची का?

नाही. वजनाची नोंद ठेवतात, आणि साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही चाचणी जेवलेलं असतानाही करता येते, त्यामुळे लांबच्या पाड्यावरून आलेल्या बाईला उपाशी थांबवावं लागत नाही. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी त्या बाईला पुढे मधुमेहाचा धोका मोठा असतो. बाळाच्या लसीच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात, आईच्या तपासणीची कुणालाच नाही, ही आपली खोड.

मुलगा गुटगुटीत आहे. बाळसं मोठेपणी उतरतं ना?

काहींचं उतरतं, पण भरवसा नाही. मुलांना मोठ्यांचे २३-२५ हे आकडे लावत नाहीत. वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते पाच ते अठरा वर्षांसाठी आहेत. एकदाच्या मापापेक्षा दर सहा महिन्यांनी घेतलेली मापं आणि त्यांची रेघ कुठे चालली आहे, ते पाहावं. मुलाला चारचौघांत ‘ढोल्या’ म्हणून त्याचं वजन उतरल्याचं मात्र आजवर कुणी पाहिलेलं नाही.

मिसळ सोडायची का? आणि द्राक्षं?

नाशिकमध्ये हा प्रश्न जीव मुठीत धरून विचारतात. मटकीची उसळ निर्दोष आहे. तिच्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत. तिच्यावरचं फरसाण, तर्रीचा तवंग, दुसऱ्यांदा मागवलेले पाव आणि शेवटी ‘तोंड गोड करायला’ आलेली जिलबी, हे सगळं मिळून थाळी जड होते. उसळ जास्त, फरसाण मूठभर, पाव एक, जिलबी कुणातरी सडपातळ शत्रूला. आणि रविवारच्या मिसळीनंतर कंबर मोजू नका, आकडा खरा येणार नाही.

द्राक्षं वाटीभर खाल्ली तर बिघडत नाही. बागेत बसून घडामागून घड खाल्ले तर साखर चढणारच. बेदाणे म्हणजे पाणी काढून घेतलेली द्राक्षंच, तेव्हा वाटीचा हिशेब तिथे लावू नका. मधुमेह आधीच असेल तर प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

तीन महिने गोल्फ क्लब मैदानावर चालतोय, काटा हलत नाही. फुकट गेलं का सगळं?

नाही. चेन्नईत प्रीडायबेटिस असलेल्या ५३१ जणांवर भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यास झाला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक मधुमेहात गेले. आहार-व्यायाम नेटानं बदललेल्या गटात ३९ टक्के. पहिल्या गटाच्या तुलनेत धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि या गटाचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. अमेरिकेतल्या २००२ च्या अशाच अभ्यासात ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, असं उद्दिष्ट होतं. तिथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. वजन उतरलं तर सोन्याहून पिवळं, पण काटा हट्टाला पेटला म्हणून बूट माळ्यावर टाकू नयेत. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम ठेवा.

मैदानाला चार फेऱ्या मारून बाहेर वडापावच्या गाडीवर थांबणारा गट मात्र वेगळा. त्यांच्यावर अजून अभ्यास झालेला नाही.

वजन आपोआप उतरतंय. चांगलंच झालं की?

प्रयत्न न करता उतरत असेल तर नाही. तहान फार, लघवी वरचेवर, थकवा आणि वजन घटणं हे वाढलेल्या साखरेचं लक्षण असू शकतं. लगेच रक्त तपासा.

सर्वेक्षणात मापं द्यायची सक्ती आहे का? वजन मी तोंडी सांगतो की.

सक्ती नाही. संशोधन असेल तर नैतिकता समितीची परवानगी आणि तुमची संमती लागते, मधेच नको वाटलं तर थांबवता येतं. संमतीचा कागद मराठीत आणि समजेल असा मागून घ्या. विश्लेषणात नावाऐवजी क्रमांक जातो.

तोंडी सांगितलेलं वजन चालत नाही, कारण जगभर लोक उंची थोडी वाढवून आणि वजन थोडं कमी करून सांगतात. मोजणारेही काही देव नाहीत. तपासायला बसलं की काही वह्यांत सगळ्या कंबरा ८०, ८५, ९० अशा शून्य-पाचवर संपलेल्या दिसतात. मिलिमीटरपर्यंत वाचायचं सोडून जवळचा गोल आकडा टाकलेला असतो. ८९.६ चा ९० झाला की माणूस भलत्याच गटात जातो. म्हणून प्रत्येक माप दोनदा घेतात, फरक जास्त आला तर तिसऱ्यांदा. काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनानं तपासतात. हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि बातमीतली टक्केवारी याच कंटाळवाण्या कामावर उभी असते.

जिममधलं चरबी सांगणारं मशीन खरं असतं का?

ते अंगातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतं. पाणी किती प्यालात, घाम किती आला, त्यावर आकडा बदलतो. चरबी मोजायला अभ्यासात बहुधा डेक्सा स्कॅन (सौम्य क्ष-किरणांची तपासणी) वापरतात. घरच्यासाठी टेप पुरे.

घरी किती दिवसांनी मोजायचं?

महिन्यातून एकदा पुरे. सकाळी, पोट साफ झाल्यावर, नाश्त्याआधी. रोज मोजलं तर पाण्याचे आणि वायूचे चढउतारच दिसतात. शिवणकामाची जुनी टेप असेल तर आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. वापरून वापरून ती ताणली जाते आणि कंबर कमी दाखवते. वहीत तारीख, माप आणि कुणी मोजलं हे तिन्ही लिहा. नवऱ्यानं घेतलेलं आणि मुलीनं घेतलेलं माप सहज दोन सेंटिमीटरनं वेगळं येतं, तेव्हा शक्यतो दर वेळी मोजणारा एकच ठेवा.